जर्मनीच्या पाट्या मला ओळखता आल्या, फक्त एक सोडून

टेंपो_अक्कलकोटरोड (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी २४ वर्षं टेंपो चालवतोय. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेलच्या गाठी भरायच्या, ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला टाकायच्या, महिन्यातून तीन-चार फेऱ्या हैदराबादच्या. घरात आम्ही तेलुगू बोलतो, शाळा दहावीपर्यंत मराठीत झाली, इंग्रजी जेमतेम. हे आधीच सांगतो, कारण प्रश्न त्याच्याशीच जोडलेला आहे.

माझी मुलगी मार्चपासून जर्मनीत नोकरीला आहे, श्टुटगार्टच्या बाजूला. कंपनी गावाबाहेर, सकाळच्या पाळीला बस मिळत नाही, म्हणून आता गाडी चालवायचं म्हणतेय. रविवारी व्हिडिओ कॉलवर तिनं रस्त्यावरच्या खुणांचं पुस्तक कॅमेऱ्यापुढं धरलं. म्हणाली, "नाना, तुम्ही सांगा बघू, हे काय?"

खाली जर्मन लिहिलेलं, एक अक्षर कळेना. पण लाल कडेच्या त्रिकोणात दोन पोरं पळतायत, म्हणजे शाळा. लाल गोलात ५०, म्हणजे वेग. पांढऱ्या गोलावर काळी तिरकी रेघ, म्हणजे मागची बंदी संपली. लाल कडेचा गोल, आत कोरा पांढरा: माझ्यासोबतचे कितीतरी ड्रायव्हर म्हणतात की चित्र उन्हानं उडालंय. पण मला माहीत होतं, दोन्हीकडून सगळ्या गाड्यांना बंद. फाटक, पुढं अरुंद रस्ता, घसरडा रस्ता, सगळं सांगत गेलो. वीसेक पाट्या झाल्या असतील. तिची आई स्वयंपाकघरातून येऊन मागं उभी राहिली.

मग एक आली. चौकोन कोपऱ्यावर उभा केलेला, पतंगासारखा. मध्ये पिवळा, कडेनं पांढरी पट्टी. आत चित्र नाही, आकडा नाही. ही मी २४ वर्षांत कुठंच बघितलेली नाही. मुलगी म्हणाली, कंपनीच्या रस्त्याला दर थोड्या अंतरावर हीच आहे.

तर विचारायचं असं. ही पाटी काय सांगते? बाकीच्या सगळ्या आपल्यासारख्याच कशा, कुणी ठरवलं हे? आणि तिकडं गाड्या उजव्या बाजूनं चालतात, तर सोलापुरात शिकलेल्या पोरीनं काय काय विसरायचं आणि काय धरून ठेवायचं? तिला मी स्वतः जुळे सोलापूरच्या मोकळ्या रस्त्यांवर शिकवलंय, म्हणून काळजी जरा जास्त आहे.

पूर्वी_भवानीपेठ

काका, मी भवानी पेठेतला, ११ वर्षं जर्मनीत आहे. पिवळ्या पतंगाचा अर्थ: तुम्ही ज्या रस्त्यावर आहात तो मुख्य रस्ता, पुढच्या चौकांत हक्क तुमचा, आडव्या रस्त्यावरच्यानं थांबायचं. त्या आडव्या रस्त्याला तुमच्या ओळखीचा उलटा त्रिकोण किंवा स्टॉप लावलेला असतो. दोन्ही पाट्या जोडीनं काम करतात.

लायसनचं सांगतो. आपलं भारतीय लायसन तिथं राहायला लागल्यापासून ६ महिने चालतं, सोबत भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना हवा. त्यानंतर लेखी आणि गाडीची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी इंग्रजीत देता येते. तिला सांगा, सहावा महिना उजाडायची वाट बघू नको.

आणि एक गोष्ट मुलीला फोन करून आजच सांगा. वस्तीतल्या ३० च्या वेगाच्या रस्त्यांवर पुष्कळ चौकांत एकही पाटी नसते. तिथं नियम एकच: उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. गल्ली बारीक असो, त्यातून सायकल येत असो, उजवीकडून आली की हक्क तिचा. माझ्या परीक्षेत मी सरळ निघालो होतो, शेजारी बसलेल्या शिक्षकानं त्याच्या बाजूचा ब्रेक दाबला. उजवीकडच्या बोळातून एक म्हातारी बाई सायकलवर येत होती. तिनं मान वळवूनसुद्धा बघितलं नव्हतं, कारण आपल्याला वाट मिळणारच असा तिला भरवसा होता. मी नापास झालो. त्या बाईचा तो भरवसा मला अजून आठवतो.

होटगीरोड_ड्रायव्हिंगबाई

दादा, तुमचा प्रश्न दुपारीच वाचला होता, शेवटची बॅच सुटल्यावर निवांत लिहितेय. मी होटगी रोडला १९ वर्षं ड्रायव्हिंग शिकवते. माझ्याकडं विडी कामगारांची तेलुगू पोरं येतात, अक्कलकोटकडचे कन्नड बोलणारे शेतकरी येतात, उर्दू शाळेत शिकलेल्या मुली येतात. एका जीपमध्ये चार भाषा बसतात. म्हणून पाटीवर अक्षर कमी आणि चित्र जास्त का, हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. सोलापूरनंच शिकवलं.

कुणी ठरवलं, ते आधी सांगते. १९०९ साली पॅरिसला युरोपातले देश एकत्र बसले. मोटारी नुकत्या सरहद्द ओलांडून जायला लागल्या होत्या आणि एका देशाची पाटी दुसऱ्या देशाच्या ड्रायव्हरला वाचता येत नव्हती. त्यांनी चारच खुणा पक्क्या केल्या: रस्त्यातला उंचवटा, वळण, चौक आणि रेल्वेचं फाटक. चारच, पण धोका चित्रानं सांगायचा हे तिथं ठरलं. पुढं १९२६, १९३१, १९४९ असे एकावर एक करार होत गेले. १९६८ मध्ये व्हिएन्नाला संयुक्त राष्ट्रांची परिषद महिनाभर चालली आणि ८ नोव्हेंबरला दोन करार झाले, एक वाहतुकीच्या नियमांचा, दुसरा पाट्या आणि सिग्नलचा. पाट्यांचा करार लागू झाला १९७८ ला. भारत त्यात १९८० साली आला. जर्मनीही त्यात आहे. तुम्ही रविवारी वीस पाट्या धडाधड ओळखल्यात, त्याच्यामागं हे सगळं आहे.

आपल्याकडचा धागा त्याच्याही मागं जातो. आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढं पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, त्यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ ला रस्त्यांसाठी समिती नेमली होती. तिच्या शिफारशीवरून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. पाटी केवढी, किती उंचीवर, वळणाच्या किती आधी, हे सगळं तिच्या 'आयआरसी ६७' या संहितेत असतं. ती पहिल्यांदा १९७७ ला निघाली, नंतर वेळोवेळी सुधारली. आणि पाटी पाळायची सक्ती मोटार वाहन कायदा १९८८ मधली. कच्च्या लायसनच्या परीक्षेत विचारतात त्या पाट्या त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या.

आता आकाराचं, कारण माझ्या मते सगळी गंमत तिथं आहे. त्रिकोण म्हणजे सावध. गोल म्हणजे हुकूम: लाल कड असली की मनाई, निळा असला की असंच करा. चौकोन म्हणजे माहिती. आणि दोन आकार मुद्दाम वेगळे राखून ठेवलेत: उलटा त्रिकोण फक्त 'वाट द्या'साठी, आठ कोनांचा फक्त 'थांबा'साठी. मी पुठ्ठ्याचे हे आकार कापून ठेवलेत. पहिल्या दिवशी पोराला डोळे मिटायला सांगते, हातात पुठ्ठा देते आणि विचारते, काय करशील? बोटं कडेवरून फिरवतो, कोपरे मोजतो, सहा, सात, आठ, "थांबेन". हे का करते? कारण पाटीवर धूळ बसते, कुणी जाहिरात चिकटवतं, रात्री समोरच्या गाडीचा अप्पर लाईट डोळ्यावर येतो. अक्षर दिसत नाही, आकार दिसतो. स्टॉपची पाटी तर पाठीमागूनही ओळखू येते, म्हणजे आडव्या रस्त्यावरच्याला थांबायचंय हे तुम्हालाही कळतं.

आता तुमचा पिवळा पतंग. व्हिएन्नाच्या करारात सावधानतेच्या पाटीला दोन रूपं मान्य आहेत. युरोपची सवय लाल कडेच्या त्रिकोणाची, अमेरिकेची सवय काळ्या कडेच्या पिवळ्या पतंगाची. दोन्ही चालतील, पण देशानं एक निवडायचं, असं ठरलं. आपण त्रिकोण घेतला. त्यामुळं बघा काय झालं: पिवळा पतंग अमेरिकेत म्हणतो 'जपून', आणि तुमच्या मुलीच्या रस्त्यावर म्हणतो 'जा, हक्क तुझा'. फरक कडेचा. काळी कड आणि आत चित्र असलं तर धोका, पांढरी कड आणि आत काही नसलं तर मुख्य रस्ता. उद्या तिला कंपनीनं अमेरिकेला पाठवलं, तर हे लक्षात असू द्या.

दिशादर्शक फलकांचे रंगही सगळीकडं एक झाले नाहीत. जर्मनीत ऑटोबानचे फलक निळे, इटलीत हिरवे. आपल्या पुणे-सोलापूर हायवेवर हिरवे बघायची सवय लागलेल्याला तिकडं पहिले काही दिवस शोधावं लागेल.

सिग्नलमध्ये मात्र एकमत आहे. उभ्या सिग्नलला लाल वर, हिरवा खाली. माझ्याकडं एक मुलगा यायचा, त्याला लाल-हिरवा वेगळा दिसायचा नाही, त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. तो वर-खाली बघून चालायचा. जग एका क्रमावर टिकून आहे म्हणून त्याच्यासारखी माणसं रस्ता ओलांडू शकतात.

उजव्या-डाव्याचं कुणी एक करू शकलं नाही. करार एवढंच म्हणतो की एका देशात सगळ्या रस्त्यांवर एकच बाजू असावी. स्वीडननं ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे सगळा देश डावीकडून उजवीकडं नेला, पण तसं धाडस फार कमी देशांनी केलं. मुलीला सांगा, गर्दीत भीती नाही, गर्दीत माणूस पुढच्याच्या मागं जातो. चूक रिकाम्या रस्त्यावर होते. पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, पहाटे वळताना. माझ्या परदेशी गेलेल्या सगळ्या विद्यार्थ्यांनी हेच सांगितलं. प्रत्येक वळणाआधी तोंडानं मोठ्यानं बोलायचं, "मी उजवीकडं". लाज वाटून घ्यायची नाही.

भवानी पेठवाल्यांनी सांगितलेला उजवीकडच्याला वाट द्यायचा नियम करारात उजव्या बाजूनं चालणाऱ्या देशांसाठी आहे. डावीकडून चालणाऱ्या देशांना आपापलं ठरवायची मोकळीक दिली. आणि आपण काय ठरवलं? आधी १९८९ च्या आणि आता २०१७ च्या नियमावलीत तेच: पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या. गोल चौकात आधीपासून फिरत असलेल्याचा हक्क पहिला, हेही नियमात आहे. मी दर बॅचला सांगते. मग सकाळी साडेनऊला सात रस्ता चौकात जीप घेऊन जाते आणि पोरं माझ्या तोंडाकडं बघतात. तिथं ज्याचं चाक आधी पुढं, त्याचा हक्क. मला याचा खरोखर त्रास होतो, दादा. नियम कागदावर जर्मनीसारखाच आहे. तो पाळला जाईल हा भरवसा त्या सायकलवाल्या बाईला होता, माझ्या विद्यार्थ्यांना मी तो देऊ शकत नाही.

एक प्रसंग सांगते. आमच्या क्लासजवळ कॉलनीचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो. दोन वर्षांपूर्वी तिथं नवी पाटी आली, 'वाट द्या'ची. मला एवढा आनंद झाला, कारण शहरात ही पाटी दाखवायला मला लांब हायवेच्या सर्व्हिस रोडला जावं लागायचं. दुसऱ्या दिवशी बॅच घेऊन गेले तर पाटी सुलटी बसवलेली. टोक वर. बसवणाऱ्याला वाटलं असणार की त्रिकोण असा खाली डोकं वर पाय कसा असेल, त्यानं आपल्या मनानं सरळ केला. आत काही नाही, लाल कडेचा रिकामा त्रिकोण. आपल्याकडं त्याला काही अर्थ नाही. मी फोटो काढला, अर्ज दिला, दोनदा जाऊन आले. तिसऱ्या महिन्यात दोन माणसं आली, चार नटबोल्ट काढले, पाटी फिरवली. दहा मिनिटांचं काम. फिरवल्यावर पान्हा हातात असलेला पोरगा मला म्हणाला, "मॅडम, आता उलटी झाली की." मी त्याला तिथंच रस्त्याच्या कडेला उभं करून सगळं समजावलं. त्याच्याकडं मोटारसायकल होती, पक्कं लायसन होतं. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

हायवे_६५

ताई, फार चांगलं लिहिलंय. मी बारा चाकी चालवतो, पुणे-हैदराबाद. सोलापूर सोडलं, बोरामणी गेलं, उमरगा गेलं, तोवर गावांची नावं मराठीत. मग हुमनाबादकडं कन्नड, झहीराबादपासून तेलुगू. मला दोन्ही वाचता येत नाही. पण वळणाचा बाण तोच, घाटाचा त्रिकोण तोच. चहाला थांबल्यावर मात्र पाटीवरचं काही वाचता येत नाही, तेव्हा लक्षात येतं की आपण रात्रभर परक्या लिपीत चाललो होतो.

पण ज्या खुणा कुठल्या करारात नाहीत, त्यांनी माणसं मरतात, ते पण लिहितो. पुढच्या ट्रकनं उजवा इंडिकेटर दिला. याचा अर्थ काय? नियमानं, तो उजवीकडं वळतोय. रोडवर, 'ये, ओव्हरटेक कर'. मी पोरसवदा क्लीनर होतो तेव्हा आमचे उस्ताद हात बाहेर काढून मागून पुढं असा अर्धगोल फिरवायचे, ती ओव्हरटेक करू देण्याची खरी, नियमातली खूण. एसी केबिन आल्या, काचा वर गेल्या, हात आत गेला आणि ते काम इंडिकेटरला लावलं. माझ्या डोळ्यादेखत एक मोटारसायकलवाला 'ये' समजून पुढं गेला आणि ट्रक खरंच उजवीकडं ढाब्यात वळला. त्याच्या डब्यातली भाकरी रस्त्यावर पडली होती. तेव्हापासून मी वळायचं नसेल तर इंडिकेटरला हात लावत नाही, मागचा कितीही हॉर्न देऊ दे.

दुसरं, गाडी बंद पडली की मागं दगड आणि बाभळीची फांदी. नव्या गाडीसोबत लाल चमकणारा त्रिकोण येतो, तो सीटखाली पिशवीत तसाच. गाडी दुरुस्त झाली की माणूस निघून जातो, दगड तिथंच. ऊस सुरू झाला की रात्री दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मागं एक रिफ्लेक्टर नाही. जगानं त्रिकोण चमकणारा ठरवला तो यासाठीच ना?

होटगीरोड_ड्रायव्हिंगबाई

दादा, यासाठीच. तुमची इंडिकेटरची गोष्ट मी उद्याच्या बॅचला तुमच्या शब्दांत वाचून दाखवणार आहे. आणि त्रिकोण पिशवीतून काढून उघडायचा कसा, हे मी आजवर शिकवलं नव्हतं. उद्यापासून प्रत्येकाकडून एकदा उघडून रस्त्यावर मांडून घेईन.

टेंपो_अक्कलकोटरोड

सगळ्यांचे आभार. भवानी पेठवाल्या दादांचा उजवीकडचा नियम मुलीला त्याच रात्री सांगितला. ती म्हणाली, तिच्या घराच्या मागच्या गल्लीत रोज एक गाडी तिच्यासाठी थांबायची आणि तिला वाटायचं, माणूस भला आहे. ती सायकलवर उजवीकडून यायची म्हणून तो थांबायचा.

ताई, तुमचं सगळं तिला वाचून दाखवलं, "मी उजवीकडं" पण. उलट्या त्रिकोणाचं ऐकून तिची आई म्हणाली, मला पण ते पुठ्ठे करून द्या. परवा टॉवेलच्या खोक्याचा पुठ्ठा कापून दिला. आता ती डोळे मिटून कोपरे मोजत बसते.

काल मुलीनं पुन्हा पुस्तक धरलं. तोच पिवळा पतंग, पांढरी कड, पण त्याच्यावरून काळ्या तिरक्या रेघा मारलेल्या. ही पण मी कधी बघितलेली नाही. ती काही सांगायच्या आत मी म्हटलं, थांब. आपल्याकडं पांढऱ्या गोलावर काळी तिरकी रेघ म्हणजे बंदी संपली. मग इथं हक्क संपला. पुढच्या चौकात तू मुख्य रस्त्यावर नाहीस, पाटी बघ, नसली तर उजवीकडं बघ.

तिनं पान उलटून खाली लिहिलेलं वाचलं. म्हणाली, "बरोबर, नाना."